सार्डिनियातलं निवांत जेवण : एका दुपारसाठी कुठे थांबावं?

पायवाट

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, नवरा आणि माझी आई असे तिघं इटलीच्या सार्डिनिया बेटावर जातोय. काल्यारीला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि सहा रात्रींपैकी तीन रात्री काला गोनोनेला समुद्राकाठी राहायचं, इथपर्यंत ठरलंय. बुकिंग झालंय. प्रश्न फक्त एका दुपारचा आहे, पण माझ्या दृष्टीने या सहलीत तीच दुपार सगळ्यात महत्त्वाची आहे.

नवऱ्याने एका दिवसात ओर्गोसोलोची भित्तिचित्रं, ओलिएनाजवळचा सु गोलोगोनेचा झरा, दोर्गाली आणि परतताना गोर्रोपूची घळ इतकं सगळं बसवलंय. त्यात जेवणाला पाऊण तास आहे. मला मात्र त्या दिवशी नीट जेवायचंय. गावातली माणसं जिथे रविवारी जेवायला जातात अशा एखाद्या छोट्या जागी, घड्याळ न बघता.

कारण आई. ती ७१ वर्षांची आहे. आयुष्यभर तिने सगळ्यांना गरम वाढलं आणि स्वतः शेवटी, ओट्याशी उभ्याउभ्या चार घास खाल्ले. अजूनही पंगतीला बसवलं तर पाच मिनिटांत काहीतरी आणायला म्हणून उठते. मला तिला एकदा अशा टेबलाशी बसवायचंय, जिथून उठायचं तिला काही कारणच सापडणार नाही.

अडचण अशी की ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही. आम्ही दोघं सगळं खातो. तर जाणकारांनी सांगा : समुद्राकाठी जेवावं की आत डोंगरात? रेस्टॉरंट बरं की शेतावरचं आग्रितुरिस्मो? वेळ किती धरावा? काय मागवावं? आणि आईचं पोट भरेल का?

दूरदेशी

आम्ही दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलो होतो. थोडक्यात सांगतो.

आग्रितुरिस्मोत मेनू ठरलेला असतो. निवडायचं काही नसतं, जे येईल ते खायचं, आणि ते थांबता थांबत नाही. पाणी आणि घरची वाइन बहुतेक ठिकाणी त्याच पैशांत. आम्ही माणशी ४० युरो दिले. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका आणि आई शाकाहारी आहेत हे त्याच फोनवर सांगा, तिथे गेल्यावर सांगून उपयोग नाही. त्यांनी सकाळी जे शिजवलं तेच असतं.

दुसरं म्हणजे वेळ. एका गावात आम्ही पावणेतीनला पोहोचलो. टेबलं भरलेली, लोक जेवताहेत, पण स्वयंपाकघर बंद झालेलं होतं. बाई आदबीने म्हणाल्या, आता फक्त कॉफी मिळेल. त्या दिवशी आम्ही पेट्रोल पंपावरचं सँडविच खाल्लं. मुलं लहान होती, फार हाल झाले त्यांचे. दुपारी एकला टेबलाशी असा, एवढंच सांगेन.

काल्यारीकर

पायवाट, तुमचा धागा वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. काल्यारीत मला आता पाच वर्षं होतील. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्या मूळच्या ओल्यास्त्रातल्या, म्हणजे पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या. इथे कसं जेवायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी समुद्र की डोंगर. नि:शंकपणे डोंगर. समुद्राकाठी शिंपल्यांबरोबरचा फ्रेगोला म्हणजे बारीक गोळ्यांचा पास्ता, भाजलेले मासे, काब्रासकडची बोत्तार्गा म्हणजे माशाची खारवून वाळवलेली गाभोळी, हे सगळं उत्तम मिळतं, पण आईंसाठी त्यात काही नाही. शिवाय या बेटाचं जुनं जेवण समुद्राचं नाहीच, ते धनगरांचं आहे. इथे माणसं १६ लाखांच्या आसपास आणि मेंढ्या ३० लाखांच्या घरात. गहू, दूध, चीज, मांस, रानातली पालेभाजी आणि मध, एवढ्यावर डोंगरातली माणसं जगली, आणि तेच अजून त्यांच्या टेबलावर येतं.

आता आमच्या एका जेवणाबद्दल सांगते, म्हणजे वेळ किती धरायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

गेल्या ऑक्टोबरातला रविवार. आजींनी त्यांच्या गावातल्या एका बाईंना फोन करून आमचं टेबल ठेवायला सांगितलं होतं. सात टेबलं, कागदी मेजपोश, भिंतीवर वाळत घातलेली मक्याची कणसं. आम्ही एकला पोहोचलो. मेनूचं कार्ड नव्हतं. बाईच टेबलाशी आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आज काय काय केलंय ते तोंडी सांगितलं. नवरा आणि मुलगी वाढायला, त्या स्वतः आणि त्यांच्या सासूबाई स्वयंपाकघरात. एवढीच माणसं.

पहिल्यांदा आली पाने काराझाउ. पापडाइतकी पातळ, खडखडीत भाकरी. रव्याची पोळी भट्टीत टाकली की फुलक्यासारखी टम्म फुगते, मग ती कडेने कापून तिचे दोन पदर सुटे करायचे आणि ते पुन्हा भट्टीत घालून कडक भाजायचे. धनगर महिनोन्महिने बाहेर असायचे, तेव्हा न बिघडणारी म्हणून ही भाकरी बरोबर न्यायचे. वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ घालून गरम केली की तिला ग्वुत्तियाउ म्हणतात. मोडताना जो आवाज होतो ना, तो ऐकला की हात थांबत नाही. पण थांबवा. आमचे बहुतेक पाहुणे इथेच फसतात. भूक लागलेली असते, टोपली संपवतात, आणि पुढच्या खऱ्या जेवणाला पोटात जागा उरत नाही.

मग आंतिपास्ती, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या ताटल्या. वाळवलेलं सॉसेज, मेंढीच्या मांडीचं खारवलेलं मांस, तेलातली वांगी, ऑलिव्ह, अजून कोमट असलेला पनीरसारखा रिकोत्ता आणि तीन वेगवेगळ्या वयांचं पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज. या ताटल्या एकामागून एक येत राहतात. चव सगळ्याची घ्या, संपवायच्या भरीला पडू नका. ताटलीत काही उरलं म्हणून इथे कोणी वाईट वाटून घेत नाही.

आणि मग कुलुर्जोनेस. यासाठीच मी ओल्यास्त्राचा आग्रह धरतेय.

बटाटा, ताजं पेकोरिनो आणि पुदिना यांचं सारण, गव्हाची पातळ पारी, आणि वरून मुरड. आम्ही वाट बघत होतो तेव्हा बाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं. सासूबाई लाकडी फळ्याशी उभ्या होत्या. डाव्या हातात पारी, तिच्यात लिंबाएवढा सारणाचा गोळा. एका टोकाकडून सुरुवात करून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत आधी डावीकडची कड आत, मग उजवीकडची त्याच्यावर, पुन्हा डावीकडची. करंजीला मुरड घालतो ना, तशी, पण दोन्ही बाजूंनी आळीपाळीने. दर चिमटीला आतली हवा थोडी बाहेर ढकलायची, म्हणजे उकळताना फुटत नाही. शेवटचं टोक चिमटलं की हुबेहूब गव्हाची ओंबी दिसते, आणि या मुरडीला नावही तेच, स्पिगित्ता, म्हणजे छोटी ओंबी. मी मनात आकडे मोजत होते. बारा म्हणेपर्यंत एक तयार व्हायचा. त्या फळ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, सुनेशी बोलत होत्या.

एका ताटलीत सहा येतात. वर पातळ टोमॅटोचा रस्सा आणि किसलेलं पेकोरिनो, बाकी काही नाही. काट्याने मधोमध तोडला की आधी पुदिन्याचा वास येतो.

त्यानंतर चाळीस मिनिटं आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. पहिल्या वर्षी असं झालं असतं तर मी अस्वस्थ झाले असते, आपल्याला विसरले की काय म्हणून. आता माहीत आहे. मांस निखाऱ्याशी असतं आणि ते त्याच्या वेळेनेच होतं. पोर्चेद्दू म्हणजे चार-पाच किलोचं डुकराचं पिल्लू. ते सळईवर निखाऱ्यांसमोर तीन-चार तास फिरवत भाजतात आणि मिर्तो नावाच्या सुगंधी झुडपाच्या डहाळ्यांवर, कॉर्कच्या सालीच्या ताटात आणतात. छोट्या जागी ते आदल्या दिवशी सांगावं लागतं. त्या चाळीस मिनिटांत शेजारच्या टेबलावरचे आजोबा आमच्याशी बोलायला लागले, त्यांची नात इटालियनमध्ये, ते स्वतः सार्डिनियन भाषेत, आणि आम्ही अर्धं समजून मान हलवत. त्यांनी स्वतःच्या सुरईतली वाइन आम्हाला ओतली. मला विचाराल तर त्या जेवणातला तो सगळ्यात सुंदर भाग होता, आणि तो कुठल्याच मेनूत नसतो.

मांसानंतर एका पाण्याच्या भांड्यात कच्ची सेलरी, बडीशेपेचे गड्डे आणि मुळे आले. तोंड स्वच्छ व्हावं म्हणून. हे बघून बुचकळ्यात पडू नका, कुरकुरीत खा, आईंना नक्की आवडेल.

शेवटी सेआदा. तळहाताएवढी तळलेली पुरी, आत थोडं आंबूस झालेलं ताजं मेंढीचं चीज आणि लिंबाच्या सालीचा कीस, वरून कोमट मध. तो मध कोर्बेत्सोलो नावाच्या झाडाच्या फुलांचा असेल तर चांगलाच कडू असतो. ती झाडं शरद ऋतूत फुलतात आणि आदल्या वर्षीच्या फुलांची लाल फळंही तेव्हाच पिकतात, म्हणून एकाच फांदीवर फूल आणि फळ दोन्ही दिसतं. मध थोडाच निघतो, महाग असतो. सेआदा आली की गप्पा थांबवा आणि खा. चीज गरम आहे तोवरच त्याची तार सुटते, पाच मिनिटांनी ते रबरासारखं होतं.

कॉफी, मग फ्रीझरमधून काढलेला मिर्तो, म्हणजे त्याच झुडपाच्या फळांचं मद्य, जांभळं, इवल्याशा पेल्यात. उठलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. दोघांचे मिळून ७४ युरो.

म्हणून साडेतीन तास धरा. आणि त्या दिवशी दुपारनंतर दुसरं काहीही ठेवू नका.

पायवाट

काल्यारीकर, काय लिहिलंत! नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने गोर्रोपू यादीतून काढलंय. ओर्गोसोलोवर अजून अडून बसलाय.

आईने मात्र दोन प्रश्न विचारलेत. चीजमध्ये नेमकं काय घालतात, आणि ती पुरी कशात तळतात. खरं काय ते सांगा. तिला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं तिला आवडेल. शिवाय वाइन प्यायल्यावर गाडी कोणी चालवायची, हा माझा प्रश्न.

काल्यारीकर

आईंनी अगदी नेमकं विचारलं. स्पष्टच सांगते.

पेकोरिनो घट्ट करायला प्राण्याच्या जठरातलं रेनेट वापरतात. फिओरे सार्दो नावाचं जे जुनं चीज आहे, त्याच्या तर नियमातच कोकराचं किंवा करडाचं रेनेट लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्या आई ते पाळत असतील तर पेकोरिनो नाही, कुलुर्जोनेस नाही आणि सेआदाही नाही. सेआदाच्या पिठात परंपरेने डुकराची चरबीही घालतात, तिला स्त्रुत्तो म्हणतात. कुठे कुठे कुलुर्जोनेसच्या पारीतही थोडी असते. इथली माणसं शाकाहारी म्हणजे मांसाचा तुकडा नको एवढंच समजतात. त्यांच्या मनात फसवायचं नसतं, चरबी त्यांच्या लेखी मांसात मोडत नाही, इतकंच. पाने फ्रात्ताउ नावाचा एक पदार्थ कोणी सुचवला तर तोही टाळा. काराझाउ भाकरी रश्श्यात बुडवून वर टोमॅटो, चीज आणि अंडं घालतात, आणि तो रस्सा बहुतेक मेंढीच्या मांसाचा असतो.

मग उरतं काय? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच. काराझाउमध्ये रवा, पाणी, मीठ आणि यीस्ट, बस. मल्लोरेद्दुस म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा, रेघा उठवलेला पास्ता, तोही फक्त रवा आणि पाण्याचा, अंडं नसतं. एरवी तो सॉसेजच्या रश्श्यात येतो, पण आधी सांगितलं तर साध्या टोमॅटोत, चीज न घालता करून देतात. भाजलेली वांगी, भोपळी मिरची, तेलातल्या भाज्या, ऑलिव्ह, ती कच्ची सेलरी, फळं. आणि शेवटी मध, तो नुसता मागा, ग्वुत्तियाउबरोबर खा.

फोनवर असं सांगायचं : "ऊना सिन्योरा व्हेजेतारियाना. निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ऊओवा, निएन्ते फोर्माज्जो, निएन्ते स्त्रुत्तो, निएन्ते ब्रोदो दी कार्ने." मांस, मासे, अंडी, चीज, चरबी आणि मांसाचा रस्सा नको. सगळं एकेक नाव घेऊन सांगायचं, मग चूक होत नाही.

वाइनचं म्हणाल तर इटलीत गाडी चालवताना मर्यादा रक्ताच्या लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोलची आहे, आणि इथली लाल कान्नोनाउ वाइन चौदा टक्क्यांच्या आसपास असते. काला गोनोनेहून ओल्यास्त्राला जाताना एसएस १२५ रस्त्याने जेन्ना सिलाना खिंड ओलांडावी लागते. ती १,०१७ मीटर उंचीवर आहे, वळणावर वळण, आणि कधी रस्त्यात शेळ्या, कधी गाई, कधी डुकरं. चालवणाऱ्याने घेऊ नये. तुमच्यापैकी एकाने ही गोष्ट आदल्या रात्रीच ठरवून टाका, टेबलावर ठरवायला गेलात तर वाइन ओतलेली असते. मिर्तोची छोटी बाटली विकत मिळते, चालवणाऱ्याने ती खोलीवर नेऊन प्यावी.

बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, ते भाकरी आणि टेबलाचे. टीप देणं बंधनकारक नाही. बिल मात्र मागावं लागतं. तुम्ही बसलेले असताना बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला जा म्हणणं, असं ही माणसं मानतात. त्या दुपारी तुम्हाला हवंय ते हेच.

जागेचं नाव इथे जाहीर लिहीत नाही, सातच टेबलं आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मीठभाकर

सगळ्यांचा सूर एकच दिसतोय म्हणून थोडं वेगळं मांडतो. जेवण महत्त्वाचं, मान्य. पण ओर्गोसोलो सोडू नका. भिंतींवरचं पहिलं चित्र १९६९ मध्ये दियोनिझो नावाच्या नाटकवाल्या गटाने काढलं, आणि १९७५ पासून तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या फ्रांचेस्को देल कासिनो यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन काम वाढवलं. जमीन, युद्ध, धनगरांचे हक्क, सगळं घरांच्या भिंतींवर आहे. मी तिथे दोन तास नुसता चालत होतो आणि एका चित्रासमोर उभं राहून रडलो. यजमानांचा हट्ट रास्त आहे.

काल्यारीकर

मीठभाकर, तुमचं बरोबर आहे. माझं म्हणणं इतकंच की दोन्ही एका दिवशी नको. ओर्गोसोलो आणि ओलिएना एका बाजूला, ओल्यास्त्रा खिंडीच्या पलीकडे दुसऱ्या बाजूला. पायवाटच्या काला गोनोनेच्या तीन रात्री आहेत, म्हणजे मधे दोन पूर्ण दिवस मिळतात. एक दिवस यजमानांचा, एक दिवस आईंचा.

आणि एक राहिलंच. सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवार-रविवारी बार्बाजा या आतल्या डोंगराळ भागातलं एखादं गाव आपली जुनी अंगणं लोकांसाठी उघडतं. ज्या गावाची पाळी असेल तिथे पाय ठेवायला जागा नसते. बघायला जरूर जा, पण त्याच गावात निवांत जेवायची आशा धरू नका.

पायवाट

आलो परत! धागा वर आणतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

नवऱ्याला त्याचं ओर्गोसोलो मिळालं, मीठभाकर, त्याने १४० फोटो काढलेत. दुसऱ्या दिवशी आम्ही काल्यारीकरांच्या जागी गेलो. गाडी मी चालवली. खिंडीत गाईंनी दहा मिनिटं अडवलं, तरी एक वाजायला पाच मिनिटं असताना पोहोचलो.

मी फोनवर ती सगळी यादी वाचून दाखवली होती. बाईंनी ती कागदावर लिहून घेतली होती, आणि तो कागद घेऊनच त्या टेबलाशी आल्या. आईकडे बघून त्यांनी एकेक शब्द वाचला, आई प्रत्येकाला मान हलवत गेली. मग त्यांनी कागद एप्रनच्या खिशात घातला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

आईने कुलुर्जोनेस खाल्ले नाहीत. मला वाईट वाटत होतं, तिला नाही. तिने आमच्या ताटलीतला एक उचलून उजेडात धरला, मुरडीवरून बोट फिरवलं, "किती बारीक, बघ" म्हणाली आणि परत ठेवला. तिच्यासाठी मल्लोरेद्दुस आले, नुसत्या टोमॅटोत आणि तुळशीसारख्या वासाच्या पानांत. कोळशावर भाजून सोललेली वांगी आली, लसूण आणि तेल घातलेली. ती तिने दोनदा घेतली. सेलरी आणि बडीशेपेचे गड्डे तर जवळजवळ सगळे तिनेच संपवले. आम्ही सेआदा खात होतो तेव्हा बाईंनी तिच्यापुढे गरम ग्वुत्तियाउ आणि एका वाटीत गडद मध ठेवला. तिने बोट बुडवून चाटलं आणि जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कडू आहे. पण थांब, मागून गोड येतं." ती वाटी तिने पुसून खाल्ली.

तुम्ही सांगितलेली ती मधली चाळीस मिनिटं आमच्याकडे पन्नास झाली. नवरा दोनदा मनगटाकडे बघायला गेला, मग त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं. आई मला तिच्या आजोळच्या एका विहिरीबद्दल सांगत होती. ती गोष्ट मी आजवर कधीच ऐकली नव्हती.

एक प्रसंग सांगते आणि थांबते. कॉफी झाली, आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायला लागली. सवयीने आईने आमच्या तिघांच्या ताटल्या एकावर एक रचल्या, चमचे वरच्या ताटलीत गोळा केले आणि उठून उभी राहिली, आत नेऊन द्यायला. स्वयंपाकघरातून त्या सासूबाई बाहेर येत होत्या. आईच्याच वयाच्या असतील. त्यांनी काही न बोलता आईच्या हातातल्या ताटल्या काढून घेतल्या, बाजूच्या टेबलावर ठेवल्या, खुर्ची मागून पुढे सरकवली आणि आई बसेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. आई बसली. मग त्या शेजारची खुर्ची ओढून स्वतःही बसल्या. एकीला मराठी, दुसरीला सार्डिनियन, तरी वीस मिनिटं दोघी बोलत होत्या. मी मधे पडले नाही.

आम्ही निघालो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. बिल तिघांचं ९८ युरो. मधाचे पैसे त्यांनी लावले नव्हते, आणि काराझाउचा एक गठ्ठा ब्राउन पेपरमध्ये बांधून आईच्या हातात दिला होता. त्यातल्या चार भाकऱ्या अजून शिल्लक आहेत.